विम्यापुरती कंपनी

आरोग्य विम्याचा हप्ता घरभाड्याच्या पुढे गेला, ही बातमी विमा कंपनीने मला वाढदिवसाच्या शुभेच्छांसोबत कळवली. वर फुगे, मधे केक, 'प्रिय वाल्दोमिरो, एकोणसाठाव्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा', आणि तळाशी बारीक अक्षरात नवा आकडा. मी चष्मा पुसून पाहिला. मग बायकोचा चष्मा लावून पाहिला. दोन्ही चष्म्यांतून आकडा तोच दिसत होता.

आमच्या ब्राझीलमध्ये कायदा असा आहे की साठी उलटलेल्या माणसाचा हप्ता वयाचं कारण सांगून वाढवायचा नाही. कायदा करणारा मनाने चांगला असणार, पण त्याने आयुष्यात विमा कंपनीतला माणूस पाहिलेला नसणार. साठीनंतर जे उकळता येणार नाही ते सगळं ही मंडळी एकोणसाठीलाच उकळून घेतात. शिवाय सालाबादची वाढ वेगळी. ती कशाबद्दल, असं फोनवर विचारलं तर पलीकडची मंजुळ मुलगी म्हणाली, "वैद्यकीय महागाई." महागाई मला नवीन नाही. सकाळी पावाची एक किंमत आणि संध्याकाळी दुसरी, असे दिवस मी याच बेलो होरिझोंते शहरात काढलेत. पण त्या महागाईला निदान लाज होती, ती गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखी चावायची. ही फक्त माझ्या घराचा पत्ता विचारत येते.

"मग सोडून दे विमा," असं शाळेतल्या सहकाऱ्यांनी सुचवलं. शाळेतल्या सहकाऱ्यांना सुचवायला काय जातं? माझी बायको इव्होनेते हिला काही वर्षांपूर्वी स्तनाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया झाली, औषधं झाली, केस गेले, केस परत आले आणि आले ते आधीपेक्षा कुरळे आले. आता वर्षातून एकदा तपासणी असते. त्या तपासणीच्या आधीचा आठवडा आमच्या घरात कोणी मोठ्याने भांडत नाही, यावरून काय ते समजा. सरकारी दवाखान्यात तीच तपासणी फुकट होते, पण तिथे रांग आहे. आणि इव्होनेतेला रांगेत उभं करून तारखेची वाट बघणं माझ्याच्याने होणार नव्हतं. ती बँकेत रोखपाल होती. जन्मभर तिने दुसऱ्यांच्या रांगा सोसल्या आहेत.

तर असा मी चिडून जिन्यात उभा असताना सेउ जेर्सिनो खाली उतरत होते. आमच्याकडे आदराने पुरुषाला 'सेउ', बाईला 'दोना' आणि शाळेतल्या शिक्षकालाही 'प्रोफेसर' म्हणतात. हे सेउ जेर्सिनो वरच्या मजल्यावर राहतात. टपाल खात्यातून निवृत्त झाले असले तरी इतरांची पत्रं योग्य ठिकाणी पोहोचवण्याची सवय सुटलेली नाही. माझ्या हप्त्याची बातमी त्यांनी तळमजल्यापर्यंत पोहोचवली आणि वर येताना माणूसच घेऊन आले.

"प्रोफेसर, हा क्लाउदिने. माझ्या भाचीचा नवरा. विम्याचं काम करतो."

क्लाउदिनेने माझ्या सोफ्यावर बसून माझीच कॉफी पीत मला माझी चूक समजावून सांगितली. चूक अशी की मी माणूस होतो.

"कुटुंबाचा विमा आता कोणी विकत नाही हो, प्रोफेसर. त्याच्या वाढीवर सरकारची नजर असते. कंपन्यांना कशाला हवी ती कटकट? तुम्ही कंपनी काढा."

"कसली कंपनी?"

"कसलीही! नावापुरती, एकट्याची छोटी कंपनी. घरबसल्या नोंदणी होते. मग कंपनीच्या नावावर विमा घ्यायचा. मालक तुम्ही, कुटुंब तुमच्यामागे. हप्ता जवळजवळ निम्मा."

"माणसं तीच?"

"तीच."

"आजार तेच?"

"तेच की."

"मग निम्मा का?"

क्लाउदिनेने माझ्याकडे दयेने पाहिलं. "कारण आता तुम्ही कंपनी आहात."

म्हणजे माणूस म्हणून मी महाग आणि कंपनी म्हणून स्वस्त. फ्रेंच क्रांती मी दरवर्षी आठवीला शिकवतो. लोक रस्त्यावर का उतरले याची पाच कारणं मुलांकडून पाठ करून घेतो. सहावं त्या दिवशी मला कळलं.

नोंदणीला बसलो तर पहिलीच पायरी निसरडी निघाली. व्यवसाय सरकारी यादीतूनच निवडायचा. यादीत विदूषक होता. थडग्याचे दगड घडवणारा होता. विहीर खणणारा, मेंढ्या कातरणारा, समारंभात गोष्टी सांगणारा, सगळे होते. इतिहासाचा शिक्षक नव्हता. मी यादी वरून खाली वाचली आणि खालून वर वाचली. माझी मुलगी जुस्सारा म्हणाली, "बाबा, विदूषक घ्या, काम तेच आहे." विद्यापीठात शिकते, त्यामुळे असं बोलणं तिला परवडतं, कारण फी मी भरतो.

सेउ जेर्सिनो खुर्ची ओढून संगणकाच्या पडद्यात डोकं घालून बसले होते. "हे बघा, प्रोफेसर! कुत्र्यांना शिकवणारा! शिकवणंच झालं ना?"

"मी माणसांना शिकवतो."

"नववीच्या वर्गाला माणसं म्हणता?"

उरलेल्या पर्यायांत मेंढ्या होत्या. मी कुत्र्यांवर बोट ठेवलं आणि एक नामांकित शाळेतला इतिहासाचा ज्येष्ठ शिक्षक सरकारदरबारी श्वानशिक्षक झाला.

मला वाटलं, संपलं. पण क्लाउदिने पुन्हा कॉफी प्यायला आला. कंपनी निदान सहा महिने जुनी हवी, आणि ती खरोखर काहीतरी करते याचा पुरावा हवा. बिलं फाडलेली हवीत.

"तू तर म्हणालास नावापुरती!"

"नावापुरतीच. पण नावापुरती दिसायला नको."

त्या सहा महिन्यांत मी जुना महागडा हप्ता दात खाऊन भरत राहिलो. आणि सेउ जेर्सिनोंनी पुराव्याची सोय केली. तळमजल्यावरच्या दोना एउलालिया आपला कुत्रा घेऊन दारात उभ्या राहिल्या. या बाईंचे यजमान सैन्यात हवालदार होते. हयातभर वरिष्ठांना सलाम ठोकून कंटाळलेल्या त्या माणसाने निवृत्तीनंतर कुत्रा पाळला आणि त्याचं नाव जनरल ठेवलं, केवळ रोज सकाळी जनरलला हुकूम सोडता यावा म्हणून. यजमान गेले. जनरल राहिला. पिवळा, आखूड पायांचा, पोट जमिनीला टेकलेला.

"जेर्सिनो म्हणाले, तुम्ही कुत्र्यांचं मोठं शिक्षण घेतलंय," त्या म्हणाल्या. "हे गेल्यापासून कोणाचं ऐकत नाही हो हा. मी योग्य ते पैसे देईन. मला फुकट नको."

त्या बाईंचा चेहरा बघून खरं सांगायचं धैर्य मला झालं नाही. शिवाय बिल हवं होतं.

आमच्या सांता तेरेझा भागाच्या चौकात, चर्चसमोर, संध्याकाळी आमचे वर्ग सुरू झाले. जनरलची मूळ वृत्ती बसण्याची. 'बस' हा हुकूम तो मी देण्याच्या आधीच पाळायचा. अडचण 'ऊठ'ची होती. मी शिटी वाजवली, सॉसेज दाखवलं, स्वतः खाली बसून उठून दाखवलं. तो माझ्याकडे असा पाहायचा जसं मी फोनवर ताटकळत असताना विमा कंपनी माझ्याकडे पाहत असणार. चौकातल्या बाकांवरचे म्हातारे सल्ले द्यायचे. एक म्हणायचा, कुत्र्याशी अधिकाराने बोला. दुसरा म्हणायचा, प्रेमाने. सेउ जेर्सिनो म्हणायचे, "प्रोफेसर, तुमच्या आवाजात हुकूम नाही, परीक्षेच्या सूचना आहेत." दोना एउलालिया मात्र दर वर्गाला नीट कपडे करून यायच्या आणि शेवटी पैसे मोजून द्यायच्या. मी बिल फाडून द्यायचो. त्या ते घडी घालून पर्समध्ये ठेवायच्या. मला स्वतःचा इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात मुख्याध्यापिकेने बोलावून घेतलं. "पालक विचारताहेत, वाल्दोमिरो. आपले सर चौकात कुत्र्यासमोर उठाबशा का काढतात? शाळेतून काही त्रास आहे का?"

"शाळेतून नाही. विम्यातून."

तिने दीर्घ श्वास घेतला आणि दार लावून घेतलं. "आमचाही वाढला," ती हळूच म्हणाली, "हे कुठे करून मिळतं?"

अखेर कंपनी वयात आली. क्लाउदिने नवे कागद घेऊन आला. त्यात प्रत्येकाने आपले आधीचे आजार लिहायचे होते. क्लाउदिने खाकरला. "दोना इव्होनेते, इथे रिकामं सोडलं तर चालतं बरं का. कोण बघतंय? लिहिलंत तर त्या आजारासाठी दोन वर्षं काही मिळणार नाही."

इव्होनेतेने पेन उचललं आणि मोठ्या, गोल, बँकेतल्या अक्षरात आजाराचं नाव लिहिलं. तारीख लिहिली. डॉक्टरांचं नाव लिहिलं.

"मी आजारी पडले होते, क्लाउदिने. मी काही चोरी केलेली नाही. लपवायचं असेल तर त्यांनी आपली वाढ लपवावी."

मग क्लाउदिनेलाच आठवलं की एक मार्ग आहे, फक्त जरा त्रासाचा. जुन्या विम्यात भरलेली वर्षं नव्यात धरता येतात, म्हणजे दोन वर्षं थांबावं लागत नाही. त्यासाठी जुन्या कंपनीचा दाखला लागतो. जुनी कंपनी म्हणाली, दाखला सोडून जाणाऱ्यालाच मिळतो, आधी विमा बंद करा. नवी म्हणाली, जुना बंद केलात तर दाखल्याचा उपयोग नाही. मी फोनवर इतका ओरडलो की वरून सेउ जेर्सिनोंनी जमीन ठोकली. शेवटी इव्होनेतेने डब्यात चीजचे गोळे भरले, पर्स घेतली, जुन्या कंपनीच्या कचेरीत जाऊन खुर्चीवर बसली आणि सांगितलं की मला घाई नाही, मी निवृत्त आहे. कचेरी बंद व्हायच्या सुमारास त्यांनी दाखला दिला. तिने त्यांना उरलेले गोळे दिले. मी असतो तर दिले नसते.

नवी कार्डं आली. आम्ही जुन्या विम्याला रामराम ठोकला. दोना एउलालियांना मी सांगणार होतो की शिक्षण पूर्ण झालं. पण नेमकं त्याच संध्याकाळी, शेवटच्या वर्गाला, माझ्या नववीची टोळी चौकातून चालली होती. "सर, तो ऐकत नाही!" एकजण ओरडला. "सर, त्याला वर्गाबाहेर काढा!" माझं डोकं फिरलं. सरकारने नाकारलेला, कंपनीने स्वस्त केलेला, पण अजून शिक्षक असलेला माणूस माझ्यात जागा झाला. "ऊठ!" मी गर्जलो आणि पट्टा ओढला.

जनरल उठला. पहिल्यांदाच उठला. आणि उठून थेट माझ्या पोटरीला चावला.

दोना एउलालिया रडत होत्या, पोरं टाळ्या वाजवत होती आणि मी नवं कोरं कार्ड हातात धरून टॅक्सीतून विम्याच्या इस्पितळात गेलो. पायातून रक्त येत होतं, तरी सांगतो, मनातून मला थोडं बरं वाटत होतं. निदान आज वसूल होणार होतं.

काउंटरवरच्या तरुणाने कार्ड यंत्रात घातलं. "काय झालं?"

"कुत्रा चावला."

"तुमचा?"

"नाही, शेजाऱ्यांचा. शिकवत होतो."

त्याने पडद्याकडे पाहिलं. "तुमची कंपनी श्वानशिक्षणाची. म्हणजे कामावर असताना चावला." त्याचा चेहरा उजळला, जसा नियम सापडलेल्या माणसाचा उजळतो. "हा कामावरचा अपघात. तो तुमच्या योजनेत बसत नाही."

"अरे, मी इतिहासाचा शिक्षक आहे!"

"इथे तसं नाही लिहिलेलं, सर."

त्याने तसं लेखी दिलं. मी मागितलं नव्हतं, मी फक्त किंचाळत होतो. पण किंचाळणाऱ्याला लेखी द्यायचं असा तिथला शिरस्ता असावा. मग मी लंगडत सरकारी आरोग्य केंद्रात गेलो. तिथल्या परिचारिकेने जखम धुतली, इंजेक्शन टोचलं, कुत्र्याची चौकशी केली आणि माझं फक्त नाव विचारलं. व्यवसाय विचारला नाही. मला रडू आलं. तिला वाटलं, सुईमुळे.

इथवरचा राग मी अजून हसत सांगू शकतो. पुढचा नाही.

इव्होनेतेच्या तपासणीची वेळ आली. आठवडाभर घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. ती सकाळी उपाशीपोटी इस्पितळात गेली, अंगावर तो मागून उघडा झगा चढवला, आणि तशा अवस्थेत तिला सांगण्यात आलं की कार्ड चालत नाही. आमचा विमा रद्द झाला होता. कुत्र्याच्या चाव्यानंतर विमा कंपनीने म्हणे तपास केला. तपासात त्यांना आढळलं की आमची कंपनी खरी नाही, फक्त विम्यासाठी काढलेली आहे. इव्होनेते पुन्हा आपले कपडे घालून, बसने घरी आली. मला फोनसुद्धा केला नाही, कारण माझा तास चालू होता. मी घरी आलो तेव्हा ती स्वयंपाकघरात पाव खात बसली होती. "भूक लागली होती," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी छोट्या दाव्यांच्या न्यायालयात तक्रार दाखल केली. क्लाउदिनेचा फोन लागत नव्हता. सेउ जेर्सिनो म्हणाले, भाचीचाही लागत नाही.

सुनावणीला अख्खी इमारत आली. दोना एउलालिया साक्षीला जनरलला घेऊन आल्या होत्या. दारावरच्या पहारेकऱ्याने कुत्रा आत सोडायला नकार दिला, तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, चावला हाच, याला कसं विचारणार नाहीत?" शेवटी सेउ जेर्सिनो जनरलबरोबर बाहेर पायरीवर बसले. गेल्या वर्षभरात त्यांनी केलेली ही पहिली उपयोगी गोष्ट.

विमा कंपनीकडून एक तरुण वकील मुलगी आली होती. कडक कोट, हातात फाइल. न्यायाधीशबाईंना सर्दी झाली होती आणि आमच्या आधी बरीच प्रकरणं होऊन गेली होती. वकील मुलगी सफाईने बोलली. कंपनी कागदोपत्री आहे. मालक पूर्णवेळ शिक्षक आहेत. व्यवसाय असा काही नाहीच. सबब करार रद्द करण्यात आला.

मी तोवर घरी तयार केलेलं भाषण विसरलो होतो. त्यात फ्रेंच क्रांती होती, मानवी हक्क होते. त्यातलं काही आठवेना. आठवत होता तो फक्त मागून उघडा झगा आणि बसने घरी आलेली इव्होनेते.

"व्यवसाय नाही?" मी उभा राहिलो. "व्यवसाय नाही? मग हे काय आहे?" आणि मी भर न्यायालयात पँट गुडघ्यापर्यंत वर केली.

"खाली बसा," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

"बसणार नाही! यांच्या इस्पितळाने लिहून दिलंय, हा कामावरचा अपघात! म्हणून पट्टीसुद्धा बांधली नाही! पाय फाटला तेव्हा काम खरं होतं, आणि माझ्या बायकोला तपासायची वेळ आली तेव्हा काम खोटं?"

न्यायाधीशबाईंनी नाक पुसलं. "ते लेखी आहे का?"

इव्होनेतेने पर्समधून कागद काढून दिला. मी तो फाडून टाकला होता. तिने चिकटवून ठेवला होता. बाईंनी तो दोनदा वाचला. मग चष्म्यावरून वकील मुलीकडे पाहिलं. "वकीलबाई, तुमच्या अशिलांच्या मते हे गृहस्थ कुत्र्यांना शिकवतात की नाही शिकवत? दोन्हींतलं एक निवडा. मी थांबते."

वकील मुलीने फाइल उघडली. फाइल मिटली. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

निकाल असा: विमा ताबडतोब पूर्ववत करावा. तपासणी याच आठवड्यात व्हावी. उपचार लागले तर ते पूर्ण होईपर्यंत रद्द करू नये. मी विचारलं, "आणि वाढ? दरवर्षीची वाढ?" बाई म्हणाल्या, "तो प्रश्न आज माझ्यासमोर नाही." आणि खालच्या आवाजात, बहुधा स्वतःशीच, "नशीब माझं."

आता पँट खाली करा, असंही त्यांना मला सांगावं लागलं.

तपासणी झाली. सगळं ठीक निघालं. इव्होनेते त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर माझ्याशी मीठ कमी-जास्तवरून इतकं भांडली की जुस्साराने आनंदाने दार लावून घेतलं.

पण त्याआधीची, सुनावणीनंतरची गोष्ट राहिली. आम्ही न्यायालयाच्या बाहेरच्या बाकावर बसलो होतो. मी अजून धुमसत होतो. ती वकील मुलगी बाहेर आली, आम्हाला ओलांडून पुढे गेली, थांबली आणि परत आली. तिच्यासाठी माझ्याकडे बरंच काही साठलेलं होतं. कित्येक आठवडे मी ते आंघोळीच्या वेळी म्हणत होतो.

"दोना इव्होनेते," तिने इकडेतिकडे पाहिलं. "एक विचारू? रागावणार नाही ना? माझ्या आईचा हप्ता या महिन्यात दुप्पट झाला. मी ज्यांची बाजू मांडते त्यांच्याकडेच आहे ती. त्यांना विचारायची सोय नाही." ती अडखळली. "ही कंपनी... नेमकी काढतात कशी?"

मी तोंड उघडलं. इव्होनेतेने माझ्या मांडीवर हात ठेवला आणि बाकावर सरकून जागा केली.

"बस, पोरी. आधी बस. काही खाल्लंयस का सकाळपासून?"

ती बसली. फाइल मांडीवर घेऊन शाळेतल्या मुलीसारखी ऐकू लागली. दाखला कसा मागायचा, काय लपवायचं नाही, कुठे डबा घेऊन जायचं. मी उठलो आणि तिघांसाठी कॉफी आणायला कोपऱ्यावरच्या टपरीवर गेलो. रागानेच गेलो, पण गेलो. तिच्या कपात न विचारता चार चमचे साखर घातली. तेवढा एकच सूड माझ्या हातात होता.